नांगरलेली वाट

वाडीतून थोरल्या गावच्या शाळेला जायला दोन वाटा. सडकेनं गेलं तर सात किलोमीटर, आणि आप्पासाहेबांच्या बांधानं गेलं तर अडीच. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण या साडेचार किलोमीटरांपायी झालं.

आधी असं काही नव्हतं. चाकूरहून सकाळी एसटी यायची, पोरी पास दाखवून बसायच्या आणि साडेपाचला परत यायच्या. भादव्यात पाऊस असा कोसळला की सोयाबीन तर गेलंच, पण ओढ्यावरचा नळ्याचा पूलही वाहून गेला. एसटी त्या दिवसापासून बंद. पूल होईल म्हणून दसरा गेला, दिवाळी गेली. पूल करणाराच्या पायाची धूळही वाडीला लागली नाही.

देविदास हा आप्पासाहेबांचा सालगडी. एकोणीस पाडवे झाले, एकाच दारात. त्याला पोर एकच, करिश्मा, नववीला. शाळेतून सायकल मिळाली तेव्हा ती निळी सायकल घेऊन पोरगी अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, पप्पा, शिकवा. आता देविदासला सायकल कुठं येत होती? जन्म बैलांच्या मागं गेलेला. पण पोरीला नाही म्हणवेना. मागचं कॅरेज धरून तो वाडीच्या खळ्यात तिच्यामागं पळत राहिला, आठ दिवस. पोरगी पडायची, हा तिच्यावर पडायचा. म्हाताऱ्या बाया ओट्यावर बसून हसायच्या की देविदास, पोरगी शिकायलीय की तू? नवव्या दिवशी त्यानं कॅरेज सोडलं आणि तिला सांगितलंच नाही. ती खळ्याला दोन फेऱ्या मारून आली तेव्हा हा बाभळीखाली उभा राहून धापा टाकत होता. एवढं सुख त्याला कधी पिकानं दिलं नव्हतं.

ते शिकणं पुढं कामी आलं. एसटी बंद पडल्यावर शाळेच्या उज्वला मॅडम वाडीत आल्या. स्कूटी ओढ्यापलीकडं लावली, चपला हातात घेऊन पाण्यातून आल्या. घरोघर जाऊन बायांना सांगितलं की पोरींना घरी बसवू नका, सायकलीनं धाडा, सायकल नसेल तर पायी धाडा, चौघी मिळून येऊ द्या. बांधाच्या त्या टोकाला मी रोज उभी राहते. आणि खरंच उभ्या राहायच्या. चार पोरी दाटीवाटीनं बाभळींच्या मधल्या वाटेनं घंटी वाजवत जायच्या, पंधरा मिनिटांत शाळा. पुढाऱ्यांना जे जमलं नाही ते एका बाईनं चपला हातात घेऊन केलं.

पण भल्या माणसाच्या हातून होते तशी चूक तिच्या हातून झाली. तिला वाटलं, ही वाट सरकारदप्तरी लागली तर मुरूम पडेल, कायमची सोय होईल. म्हणून तिनं अर्ज लिहिला आणि पालकांच्या सह्या घेतल्या. पहिली सही देविदासची, कारण करिश्मा सगळ्यांत पुढं असायची. त्यानं जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तलाठी नकाशा घेऊन आप्पासाहेबांच्या बैठकीत आला. आप्पासाहेबांनी चहा पाजला, सुपारी दिली, गोड बोलून वाटेला लावलं. मग गोठ्यात निरोप धाडला, देविदासला पाठव.

आप्पासाहेब काही सिनेमातला सावकार नव्हता. पोरी बांधानं जाताना हाक मारून पेरू देणारा माणूस. त्याच्या बापाच्या काळापासून लोक त्या बांधानं जात-येत होते, कधी कुणाला अडवलं नव्हतं. पण गेल्या साली त्यानं बांधापलीकडचं रानही विकत घेतलं, म्हणजे आता वाट दोन्हीकडून त्याच्याच जमिनीतून. त्यात हा अर्ज. अर्जाची नक्कल त्यानं देविदासच्या पुढ्यात धरली आणि पहिल्या सहीवर बोट ठेवलं.

"तोंडानं मागितली असती तर जन्मभर दिली असती वाट," आप्पासाहेब म्हणाला. "कागदानं कशाला घेता? आज सायकल, उद्या ट्रॅक्टर, परवा माझ्या सात-बाऱ्यावर रस्ता."

देविदास खाली मान घालून उभा राहिला. मालक, पोरींसाठी होतं, एवढंच कसंबसं बोलला.

"रविवारी बांध नांगरून टाक. हरभरा पेरू तिथं. बाभळींमुळं ट्रॅक्टर जाणार न्हाई, बैलं धर." आणि मग कागदाची घडी घालत, आवाज न चढवता, "सही तुझी हाय, तर नांगर बी तुझाच."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते त्या दिवशी देविदासला कळलं. नाही म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण घरातली ज्वारी मालकाच्या कणगीतली, बायको, राजकन्या, खुरपायला जायची ते रान मालकाचं, अंगावरचा सदरा गेल्या पाडव्याला मालकानं घेतलेला. नाही म्हणायला माणसाजवळ आपलं काहीतरी असावं लागतं. तो गोठ्यात गेला आणि नांगराच्या फाळाला धार लावत बसला.

रविवार होता, एवढीच देवाची कृपा. पोरींना सुट्टी. त्यानं देवणी बैलांची जोडी जुंपली, बांधाच्या तोंडाशी फाळ टेकवला आणि रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, अंगाचा सगळा भार दिला. दोन पिढ्यांच्या पायांनी दाबलेली वाट ती. फाळ आत जाईना, वर उडायचा, दांडा बरगडीत बसायचा. बैल चार पावलं जाऊन थांबायचे आणि मागं बघायचे. एरवी याच वाटेनं ते गाडी ओढत घरी जायचे, इथं नांगर कशाला हे त्यांच्याही डोक्यात शिरत नव्हतं. नांगराच्या तिसऱ्या तासाला जमीन फुटली. मोठमोठी काळी ढेकळं उलथून पडली. एका ढेकळाच्या बुडाशी सायकलच्या चाकाची नक्षी तशीच्या तशी होती. देविदासनं ते ढेकूळ पायानं फोडलं आणि पुढं गेला. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले, ज्या हातांना वीस वर्षांत फोड ठाऊक नव्हते. शेवटी बोराटीचे काटेरी फांजर तोडून दोन्ही तोंडांवर लावले आणि वाट मिटली.

सोमवारी पोरी बांधापर्यंत जाऊन परत आल्या. करिश्मानं घरी येऊन सांगितलं की कुणीतरी आपली वाट नांगरली. देविदास भाकरी खात होता. त्यानं घास तोंडात तसाच धरला. राजकन्या चुलीपुढून नवऱ्याच्या हातांकडं बघत राहिली. पोरगी बाहेर गेल्यावर हळू म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते खोटं न्हाई."

राजकन्येचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला वाईट म्हणाल. तिचा भाऊ व्यंकट उदगीरकडून एक स्थळ घेऊन हिंडत होता. पोराला टमटम होती, घर पक्कं होतं. पोरगी पंधराची, कायदा असा, कायदा तसा, हे देविदासनं सांगून बघितलं. व्यंकट म्हणाला, कायदा वाडीत येत नाही, त्यालाही ओढा आडवा आहे. तेव्हा राजकन्येनं मधला मार्ग काढला होता. पोरगी शाळेत जाते तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही, पण ज्या दिवशी ती घरी बसली त्या दिवशी व्यंकटला निरोप जाईल. घरी बसलेली तरणी पोर, आईबाप दिवसभर रानात, कोण राखणार? तिचं भय काही खोटं नव्हतं. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, पुढच्या रविवारी व्यंकट पाहुणे घेऊन येणार होता. तोवर पोरगी शाळेत जात असेल तर पाहुण्यांना चहावर परत धाडायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

म्हणजे बघा, पोरीचं सगळं आयुष्य त्या बांधावर टांगलेलं, आणि बांध बापानं नांगरलेला.

मंगळवारपासून पोरी सडकेनं निघाल्या. कारखाने सुरू झाले होते. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, कर्णे वाजवत, अर्धी सडक खात जायचे. पहिल्या आठवड्यात दोघी गळाल्या. तिसरीला, म्हणजे वाडीतल्या म्हाताऱ्या मलप्पाच्या नातीला, घरच्यांनी मामाकडं धाडलं. करिश्मा एकटी राहिली. चौघी असताना जी वाट हसत सरायची ती एकटीला सरता सरेना. एका संध्याकाळी ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाचा फटका हँडलला बसला आणि ती सायकलीसकट चारीत गेली. कोपर सोललेलं, ओढणी फाटलेली, चैन हातात घेऊन पायी घरी आली. रडली नाही. हळद लावून घेताना नुसती म्हणाली की गृहपाठाची वही भिजली.

राजकन्या म्हणाली की उद्यापासून सडक बंद. देविदासनं पोरीला विचारलं, बांधानंच गेलीस तर? ढेकळांतून सायकल चालणार नाही, उचलून न्यावी लागेल. करिश्मा म्हणाली, नेते की.

आणि ती न्यायला लागली. दप्तर पाठीवर, सायकलची दांडी खांद्यावर, बोराटीच्या कडेनं शिरून, ढेकळांत पाय मुरगाळत, तेवढा अर्धा किलोमीटर. पलीकडच्या टोकाला मॅडम उभ्या असायच्या, सायकल धरायच्या. अर्ज दिला हे चुकलंच माझं, असं त्या एकदा तिच्याजवळ बोलल्या. अर्ज तालुक्याला पडून होता. परत घेते म्हणाल्या तर तिथला कारकून म्हणाला, एकदा आवक झाली की परत मिळत नाही.

हरभरा उगवून आला तशी त्यात पावलांची एक ओळ दिसायला लागली. आप्पासाहेबाच्या नजरेतून ती कशी सुटेल? त्यानं पावलं कुणाची हे विचारलं नाही. देविदासला एवढंच सांगितलं की बांधाच्या पट्टीला पाणी दे, सकाळची लाइट आली की. हरभऱ्याला तेव्हा पाण्याची गरज नव्हती, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मालकानं सांगितलं म्हणजे झालं.

सकाळी आठला मोटर चालू झाली. देविदास फावडं घेऊन पाण्याच्या दंडाचं तोंड फोडत होता. पाणी काळ्या मातीत शिरलं, ढेकळं विरघळून बसायला लागली. तेवढ्यात समोरून करिश्मा आली, खांद्यावर सायकल, अंगात निळा-पांढरा ड्रेस. ती चिखलात पोटरीपर्यंत रुतली. एक पाय काढावा तर दुसरा जाई. चप्पल आतच राहिली. मग तिनं मान वर केली आणि फावडं धरलेला बाप बघितला.

देविदासला वाटलं, आता ही काही बोलली तर बरं. ओरडली, शिव्या दिल्या तरी बरं. हातातलं फावडं टाकावं की तसंच धरावं हे त्याला सुचेना. पाणी त्याच्या पायावरून वाहत होतं.

करिश्मानं सायकल दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पप्पा," ती म्हणाली, "पाणी जरासं उशिरा सोडत जा ना. मी गेल्यावर."

एवढंच बोलली. मग चिखलात हात घालून चप्पल काढली, पिशवीत टाकली आणि तशीच पुढं गेली. ती गेल्यावर देविदास बांधावर बसला आणि मोटर बंद होईपर्यंत रडला. आसपास फक्त बगळे होते.

त्या दिवसापासून तो लाइट येऊनही पाणी वीस मिनिटं उशिरा सोडायचा. मोटरला हवा धरते म्हणून सांगायचा. पण चिखल तो चिखलच. एकेक दिवस पोरीला पोचायला शाळेचा दुसरा तास व्हायचा, एकेक दिवस मांडीपर्यंत भिजून ती थंडीत काकडत बसायची. येळवशीच्या दोन दिवस आधी ती तापली. राजकन्या तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली की बस्स झालं आता, येळवस झाली की व्यंकटला होकार कळवते. देविदास भिंतीकडं तोंड करून झोपला.

आता येळवस म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळी रानात. आप्पासाहेबाच्या रानात कडब्याची कोपी घातली होती, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव मांडले होते. लातूरहून पाहुणे आले होते, गाड्या बांधाबाहेर लागल्या होत्या. शेंगा-पाल्याच्या भज्जीचं पातेलं दोघांना उचलेना एवढं, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि मडक्यात आंबील. वाडीतली सगळी पोरं तिथंच, कारण त्या दिवशी वाटसरूलाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. करिश्माचा ताप उतरला होता. ती बायांमध्ये पत्रावळी लावत होती.

पूजा झाली की चर शिंपायचा. हे काम एकोणीस वर्षं देविदासचं. हातात आंबिलीचा मोगा, म्हणजे लहान मडकं, कडुनिंबाची डहाळी, अनवाणी पाय, आणि रानाच्या कडेकडेनं 'ओलगे ओलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपत फिरायचं. मागं सगळी पोरं ओरडत पळतात. फेरा एकदा निघाला की मोडायचा नाही आणि कुणी आडवं जायचं नाही, गेलं तर वर्षभर रान रुसतं. आजा-पणजापासून असंच.

देविदास निघाला. पूर्वेची कड झाली, ओढ्याची कड झाली. मागं वाडीची पोरं होती, त्यांच्यात लातूरची बूट घातलेली पोरं मिसळली होती, चाळीस-पन्नास सहज असतील. आणि तो त्या कोपऱ्यावर आला जिथून आत बांध निघायचा. आता दोन्ही रानं एकाच मालकाची, मधे बांध उरला नव्हता. सरळ जायला हवं होतं, नव्या कडेनं. पण एकोणीस वर्षं चर इथंच वळत आला होता. तो थांबला. मागची पोरंही थांबली, एकमेकांवर आदळत. त्यानं समोर लावलेली बोराटी बघितली, आपल्याच हातानं लावलेली. कोपीपाशी पत्रावळी घेऊन उभी असलेली करिश्मा बघितली.

मग त्यानं डाव्या हातानं बोराटी धरून बाजूला ओढली आणि वळला.

"ओलगे ओलगे," तो ओरडला, आणि पोरांनी एवढा गलका केला की बगळे उडाले. चाळीस पोरांचे ऐंशी पाय त्याच्यामागं त्या पट्टीत घुसले. हरभरा तुडवला गेला, वाळलेली ढेकळं फुटली, चिखलाच्या कडा बसल्या. देविदासच्या तळपायात बोराटीचा काटा मोडला होता, तो पाय घासत चालत होता, पण हळू हळू चालत होता, मुद्दाम, म्हणजे मागच्यांनी नीट तुडवावं.

कोपीपुढं आप्पासाहेब ताडकन उभा राहिला. एका पाहुण्यानं विचारलं, हा मधूनच कुठं चालला? दुसरा म्हणाला, अरे, इथं वाट होती की, मागच्या येळवशीला आम्ही याच वाटेनं आलो. आप्पासाहेब पुढं निघाला तशी त्याच्या बायकोनं, तारामतीनं, त्याचं उपरणं धरलं. "चर चालू हाय," ती म्हणाली. "आडवं जाऊ नका." आणि एवढा मोठा जमीनदार पाहुण्यांदेखत जागच्या जागी उभा राहिला.

देविदासनं त्या टोकाची बोराटीही बाजूला ओढली, फेरा पुरा केला, रिकामा मोगा कोपीपुढं ठेवला. मागं वळून बघितलं तर काळ्या रानातून एक पांढुरकी, सपाट पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. सायकल चालली असती.

पंगती उठल्या. गडीमाणसांची पंगत शेवटी बसली. देविदासच्या पानात भज्जी वाढायला स्वतः आप्पासाहेब आला. पळी भरून वाढली, वर तूप सोडलं, मग त्याच्यापुढं जरा वाकला.

"जेव," तो म्हणाला, "पोटभर जेव. उद्यापासून बैलं सोडायला येऊ नको."

येळवशीच्या अन्नाला नाही म्हणत नाहीत. देविदास जेवला. प्रत्येक घास त्याला पाण्याबरोबर उतरवावा लागला, पण पानात काही टाकलं नाही.

घरी आल्यावर राजकन्या सुईनं त्याच्या पायातला काटा काढत बसली. काढता काढता म्हणाली की सालगडी होता तोवर दोन वेळचं होतं, आता पाडव्यापर्यंत काय खायचं? कणगीतली ज्वारी संक्रांत गाठणार नाही. देविदास म्हणाला की लातूरला डाळ मिलमध्ये हमालीला जातो, चाकूरच्या अडत्याकडं बघतो. पन्नाशीच्या माणसाला, मोडलेल्या पाठीच्या, कोण पोती देणार हे दोघांनाही ठाऊक होतं. सुई आत गेली तसा तो कळवळला. रविवारचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही.

सकाळी करिश्मा सायकलवर बसून गेली. बांधापर्यंत देविदास मागं मागं गेला. ढेकळांच्या पट्टीवरून चाकं खडखडत, डुगडुगत, पण चालली. पलीकडं मॅडमची साडी दिसली. मग सगळं शांत झालं, आणि देविदासला कळलं की उन्हं वर आली आहेत आणि आपल्याला कुठंच जायचं नाही. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. मलप्पा येत होता, तोच देवणी जोड आणि तोच नांगर घेऊन. त्याची नात ही शाळा सोडून मामाकडं गेलेली, आणि त्या अर्जावर त्याचाही अंगठा होता. त्याला बघून मलप्पानं बैल थांबवले. दोघंही एकमेकांकडं बघेनात.

"मालकानं धाडलं," मलप्पा म्हणाला. "पट्टी नांगरून दे म्हनले. आजच्या आज."

देविदास म्हणाला, नांगर बाबा, तुलाही पोट आहे.

मलप्पानं बांधाकडं बघितलं, चाकाचा ताजा माग बघितला. "गेली का पोरगी?"

"गेली."

"येती कवा?"

"पाचला."

मलप्पानं बैल बाभळीला बांधले, त्यांच्यापुढं कडबा टाकला आणि सावलीत टेकला. "आज म्हनले. कवा ते न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "सव्वापाचला धरतो. उद्याचं मला नको इचारू."

देविदासनं चप्पल काढली. पट्टीत उतरला आणि उरलेली ढेकळं टाचेनं फोडायला लागला. काट्याचा पाय सुजला होता, म्हणून दुसऱ्या पायाची टाच. एक फोडायचं, दाबायचं, पुढचं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याच्या सांगण्यावरून माती फोडली होती. आज कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी भाकरी देणार नव्हतं. संध्याकाळी हे सगळं उलथून पडणार हेही समोर दिसत होतं, नांगर तिथंच आडवा पडला होता. तरी तो फोडत राहिला. मलप्पा बघत होता आणि तंबाखू मळत होता.

दुपारी राजकन्या भाकरी घेऊन आली. फडकं बाभळीला टांगलं. नवरा काय करतो आहे हे तिनं बघितलं, नांगर बघितला, आणि तिला सगळं कळलं. ती रागावेल असं देविदासला वाटलं. तिनं लुगड्याचा काष्टा खोचला आणि त्या टोकाकडून ढेकळं तुडवायला सुरुवात केली. दोघं दोन टोकांकडून मधे येत राहिली. एकदा मधे भेटल्यावर ती नुसती म्हणाली की रविवारी पाहुण्यांना चहा पाजून लावून देऊ, साखर शेजारच्या केवळाबाईकडून आणते.

पाच वाजून गेले तशी पलीकडून घंटी वाजली. करिश्मा न उतरता, न उचलता, सबंध पट्टीवरून सायकल चालवत आली. येताना दोन्ही पाय पायडलवर होते. आईबापापाशी येऊन थांबली, मातीनं भरलेले त्यांचे पाय बघितले आणि मग बाभळीखाली जू उचलणारा मलप्पा बघितला.

"जरा थांबा आज्जा," ती म्हणाली, आणि पट्टीत पडलेली आपली एक पेन्सिल परत जाऊन उचलून आणली.

तिघं घराकडं निघाली. मागं मलप्पानं बैलांना हाक दिली. फाळ जमिनीत शिरल्याचा आवाज देविदासच्या ओळखीचा होता. तो न वळता ओरडून म्हणाला की तिसऱ्या बाभळीपाशी मुळी आहे, फाळ जपून. मलप्पानं हो म्हटलं. ढेकळं उलथत होती, एकामागून एक, आणि मावळतीपर्यंत वाट पुन्हा मिटणार होती.

करिश्मा सायकल हातात धरून चालत होती. वाडी दिसायला लागली तशी तिनं विचारलं, "पप्पा, उद्या?"

"उद्या लवकर निघू," देविदास म्हणाला. "पहाटं दवानं ढेकळं मऊ असत्यात."